लाल पाण्याचं सार

डाळिंब दिसलं की माझं डोकं फिरतं. बिचाऱ्या डाळिंबाचा काही दोष नाही, हे मला कळतं. तरी फिरतं. दवाखान्यात मला भेटायला येणाऱ्यांनी कॉटखाली डाळिंबांचा ढीग लावला होता. प्रत्येक जण निघताना तेच सांगून जायचा, "लाल खा, लाल. रक्त वाढंल." तुला नेमकं झालंय काय, असं त्यातल्या एकानंही विचारलं नाही.

मी दौंडला रेल्वेत फिटर आहे. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा पुण्याला जातो, चार तास मशीनला जोडून घेतो, रक्त धुऊन परत येतो. त्याला डायलिसिस म्हणतात हे आता आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे, पण दोन हजार एक-दोन साली माझं सुरू झालं तेव्हा इथं हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोडीगुलाबीनं लिहायला जमणार नाही, आधीच सांगतो.

वर्षभर लाल

सुरुवात दमण्यापासून झाली. पुलाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. संध्याकाळी बूट काढले की पायावर मोज्याचा वळ राहायचा. दौंडातल्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासायला लावलं आणि म्हणाला, "हिमोग्लोबिन कमी आहे. टॉनिक देतो." ब्लडप्रेशर त्यानं एकदाही मोजलं नाही. मोजा, असं मीही म्हणालो नाही. पट्टा समोर टेबलावरच पडलेला होता.

त्याच सुमारास आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये एका गृहस्थांचं व्याख्यान झालं. टेबलावर टोमॅटो, बीट, डाळिंब, कलिंगडाची फोड, लाल माठाची जुडी मांडून ते दोन तास बोलले. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. लाल रंगातच औषध आहे, पेशी म्हाताऱ्या होत नाहीत, काळीज बळकट राहतं, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी तर जरा जास्तच वाजवल्या. ते खोटं बोलत नव्हते, हे मला आजही मान्य आहे. धडधाकट माणसानं लाल फळं, लाल भाज्या खुशाल खाव्यात, भरपूर खाव्यात. पण ज्याची किडनी चालत नाही त्यानं काय करायचं, यावर त्या दोन तासांत एक वाक्य नव्हतं.

मी घरी येऊन पेपरातलं तसलंच एक कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलं. माझी आई तळेगाव ढमढेऱ्याला आठवडे बाजारात भाजी विकायची. तिला जाऊन सांगितलं, "आई, लाल भाजीत औषध असतंय. शास्त्रानं सिद्ध झालंय." झालं! दर आठवड्याला न्हावऱ्यामार्गे येणाऱ्या एसटीतून माझ्यासाठी पिशवी यायला लागली. बीट, टोमॅटो, लाल माठ. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. आईनं डोक्यावर पाटी घेतली, पण मला शाळेतून काढलं नाही. स्वतःला अक्षर येत नाही, म्हणून शिकलेल्या माणसाच्या शब्दावर तिचा लई भरवसा. आणि तिच्या घरात शिकलेला मी एकटाच.

वर्षभर मी रोज सकाळी ग्लासभर बीट-टोमॅटोचा रस प्यायलो. तोंड लाल व्हायचं. रक्त काही वाढलं नाही.

निदान

एक दिवस ड्यूटीवर श्वासच पुरेना, तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी ब्लडप्रेशर मोजलं, मग परत मोजलं, मग सिस्टरला मोजायला लावलं. संध्याकाळपर्यंत सगळे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला आणि माझ्या बायकोला, कमलला, समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या आक्रसून गेल्यात, बहुतेक बरीच वर्षं वाढलेल्या बीपीमुळं.

"पण माझं तर रक्त कमी आहे," मी म्हणालो. शहाणपणा बघा माझा.

"ते किडनीमुळंच कमी झालंय. किडनी बिघडली की रक्त बनायचं मंदावतं."

"मी वर्षभर बीटाचा रस पितोय."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बीटानं तुमची किडनी खराब केलेली नाही. पण ह्या वर्षात तुम्ही बीपीची गोळी घ्यायला हवी होती."

एका पट्ट्यानं दोन मिनिटांत कळलं असतं ते मी वर्षभर मिक्सरमध्ये फिरवत बसलो होतो. बाहेर आल्यावर कमल भिंतीला टेकून रडली. मला रडू आलं नाही. मला त्या दौंडच्या डॉक्टरच्या टेबलावरचा पट्टा उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता.

घडी केलेला कागद

डायलिसिस सुरू झालं. पहाटेची गाडी, सुया, चार तास, संध्याकाळची गाडी. मशीनवरून उतरल्यावर मला कुणी बोललेलं चालायचं नाही. दिवसाला लिटरभरच पाणी, त्यात चहा, ताक, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. तिथल्या एक केरळी सिस्टर कुणाचं लक्ष नसताना बर्फाचा एक खडा माझ्या तोंडात टाकायच्या आणि "चघळू नको, ठेव" म्हणायच्या. त्या दिवसांत माझ्याशी कुणी नीट वागलं असेल तर त्याच.

पहिल्या आठवड्यात आहारवाल्या मॅडमनी बोलावलं. बाहेर वीस माणसं थांबलेली. पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं की किडनी बंद असली की पोटॅशियम नावाचा क्षार अंगात साठतो, फार साठला की काळीज थांबतं. नारळपाणी, केळी, टोमॅटो, बीट, डाळिंब, पालेभाज्या बंद, मीठ नावापुरतं. बाकीच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि पाणी फेकून द्यायचं, कारण तो क्षार पाण्यात उतरतो. मग इंग्रजीत छापलेला कागद हातात दिला. "घरी समजावून सांगा."

मी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

खरं सांगायचं तर मला ते पटलंच नव्हतं. जगातलं सगळं चांगलं लाल रंगात आहे, असं वर्षभर घोकल्यावर एक बाई पाच मिनिटांत सगळ्या लालवर काट मारते म्हणजे काय? मी मनातल्या मनात पळवाट काढली की उकडून पाणी टाकलं की झालं, मग बीट काय आणि दुधी काय. इंग्रजी मला कामापुरतं वाचता येतं. तो कागद मी वाचला नाही.

कमल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. म्हणून आई बाजार सोडून दौंडला राहायला आली. पहिल्याच दिवशी तिला म्हणालो, "माझी भाजी उकडायची आणि पाणी टाकून द्यायचं."

"का रं? समदं सत्त्व तर पाण्यातच उतरतं."

"तुला न्हाई कळायचं. डॉक्टरांनी सांगितलंय."

एवढंच बोललो. टीव्ही लावला.

सार

आळणी उकडलेली भाजी खाऊन बघा एकदा. ओला कागद चावल्यासारखी लागते. आठ दिवसांत मी ताट ढकलायला लागलो. मग एके दिवशी ताटात वाटीभर सार आलं. लालसर, वर जिऱ्याची फोडणी, चिमूटभर गूळ. मी भुरका मारला आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"कशाचं गं?"

"खा की गुमान. चव लागती न्हवं?"

मी खाल्लं. रोज खाल्लं. ते लाल का आहे, हे मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. वाटी हवी होती.

पुरणाची डाळ शिजली की वरचा कट कोण फेकतं का? त्याची आमटी होते. आमच्याकडं शिजवणीचं पाणी मोरीत ओतणं म्हणजे अन्नाचा अपमान. आईनं तर अशी वर्षं काढलीत की पालेभाजीचं शिजवणीचं पाणी तिनं मला मीठ टाकून भाकरीबरोबर दिलंय. ती माझी भाजी उकडायची, पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यायची, आटवायची आणि त्याचं सार करायची. बीटाचं, माठाचं, टोमॅटोचं. भाजीतलं सगळं पोटॅशियम वाटीत.

रविवार

गुरुवारी डायलिसिस झालं होतं, पुढचं सोमवारी. रविवारी सकाळी दात घासताना ओठाभोवती मुंग्या आल्या. मोरीतल्या पाटावर बसलो तो उठताच येईना. पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. कमलनं हाका मारून शेजारचे दोघं बोलावले, त्यांनी उचलून जीपमध्ये घातलं.

यवत मागं पडलं आणि कासुर्डीच्या जवळ कुठंतरी माझी मान पडली. मला आठवतं ते एवढंच की कमल माझ्या गालावर चापट्या मारत होती आणि ओरडत होती, "डोळं उघडा! अहो, डोळं उघडा!" आई पुढच्या सीटवर होती. जीपवाल्याला ती काय बोलत होती माहीत नाही, पण त्यानं लोणी काळभोरपर्यंत ब्रेकला पाय लावला नाही.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. निघालेली कागदाची पट्टी बघून डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं थांबवलं आणि नुसत्या ऑर्डरी द्यायला लागले. इंजेक्शनं, मग मशीन. दुपारनंतर माझे पाय परत माझे झाले. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर काळीज बंद पडलं असतं. काय खाल्लं होतं?"

"काही नाही. उकडलेली भाजी."

सोमवारी सकाळी आहारवाल्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. वॉर्डात दहा कॉट, प्रत्येकाचे नातेवाईक, आई माझ्या पायाशी. त्यांनी मला विचारलं, कमलला विचारलं, आणि मग पहिल्यांदाच आईकडं वळल्या.

"आजी, भाजी तुम्ही करता? पाणी फेकता ना?"

आई हसली. कौतुक होणार असं तिला वाटलं असणार. "फेकती कशाला? त्याचं सार करती. लाल पाणी म्हंजी रगातच की. पोरानं तेवढ्यावर तर जीव धरलाय."

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. आणि मी ओरडलो. सुई हातात असताना उठून बसलो आणि ओरडलो, "आई, तू मला मारत होतीस! रोज वाटीतून विष देत होतीस! सांगितलं होतं ना, पाणी टाक म्हणून? अडाणी ते अडाणीच!"

अडाणी. जिनं पाटी वाहून मला शिकवलं तिला, दहा कॉटांच्या वॉर्डात.

आईनं पदर सावरला, पिशवी उचलली, आणि कमल मागं धावली तरी थांबली नाही. शिरूरची एसटी धरून तळेगावला गेली.

बाजार

तीन आठवडे मी तिला फोन केला नाही. तळेगावात आमच्या आळीत एकाकडं फोन होता, बोलावून घेता आलं असतं. माझा राग उतरत नव्हता. मी मरता मरता वाचलो होतो, मला रागावायचा हक्क आहे, असं माझं म्हणणं.

शेवटी खुंटीला तसाच लटकत राहिलेला शर्ट धुवायला घेताना कमलच्या हाताला तो कागद लागला. खिशातच होता. तिनं उलगडला, उभ्या उभ्या वाचला आणि माझ्यापुढं धरला. "पहिल्या ओळीत टोमॅटो, दुसऱ्या ओळीत बीट. तुम्ही आत्याबाईंना ह्यातलं काय सांगितलं होतं?"

मी कागद घ्यायला हात पुढं केला, तिनं तो मागं घेतला.

"रोज चाळीस पोरांना वाचायला शिकवते मी," ती म्हणाली, "आणि घरात हे."

बाजाराच्या दिवशी तळेगावला गेलो. आई नेहमीच्या जागी बसली होती, पुढं टोमॅटोचे वाटे लावलेले. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय पायजे? टमाटे का?"

"आई, घरी चल."

"कुनाच्या?"

शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मी हळू म्हणालो, "इथं नको, जरा बाजूला ये."

"का? तू मला धा मान्सांत बोललास. मी बाजारात बोलती. हुबा ऱ्हा आन् ऐक. पान्यात काय उतरतं त्ये मला ठावं व्हतं. मी म्हनलं व्हतं का न्हाई, सत्त्व पान्यात उतरतं म्हनून? त्ये तुला चालत न्हाई, ह्ये मला ठावं न्हवतं. तुला ठावं व्हतं का?"

"होतं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"पाणी टाक, म्हणालो होतो."

"का टाकू, म्हनून इचारलं तवा काय म्हनलास? तुला न्हाई कळायचं." तिचा आवाज चढला. "आरं, जिला कळत न्हाई तिच्या हातचं खाल्लंस कशाला मंग?"

मग जे कमललाही नीट सांगितलं नव्हतं ते मी तिथं उभ्यानं सांगितलं. बीट, टोमॅटो, माठ पहिल्यापासूनच बंद होते. कागदावर होतं. मी वाचलं नाही, आणि तोंडी सांगितलेलं तुझ्यापर्यंत आणलं नाही, कारण मलाच ते सोडायचं नव्हतं.

आईनं पुढच्या वाट्यातला एक टोमॅटो उचलला. "तीन आठवडं मी चूल पेटवली न्हाई," ती म्हणाली. "शेजारीन भाकर देती. आपल्या हातानं पोरगं मरत व्हतं, ह्येच डोक्यात. आन् तू आज सांगतूस." तिनं हातातला टोमॅटो माझ्या छातीवर फेकून मारला. शर्टावर फुटला. बाजारातलं कुणीही हसलं नाही.

मग तिनं पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि माझ्यापुढं एसटी स्टँडकडं चालायला लागली.

आता

पुढच्या डायलिसिसला मी तिला घेऊन गेलो. मॅडम सवयीनं माझ्याकडं बघून बोलायला लागल्या. मी म्हणालो, "मला नका सांगू, हिला सांगा. मराठीत सांगा आणि का ते पण सांगा." बाहेर रांग होती, मॅडमच्या कपाळावर आठी आली. येऊ दे. आईनं अर्धा तास घेतला. भिजवलेल्या डाळीचं पाणी? चिंच? शेंगदाण्याचं कूट? गुळाचं काय? भाजी आधी चिरून धुवायची का धुऊन चिरायची? शेवटी मॅडमनीच वही काढली आणि तिचे प्रश्न लिहून घ्यायला लागल्या.

म्हणून सांगतो, पेशंटच्या हातात कागद देऊन मोकळे होऊ नका. भाजी कोण शिजवतं ते विचारा, आणि तिला आत बोलवा. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, फळं नेण्याआधी विचारा, काय चालतं. नसेल विचारायचं तर रिकाम्या हातानं जा, कुणी मरत नाही त्यानं. आणि ज्याच्या खिशात तसा कागद असेल त्यानं आजच काढून घरात मोठ्यानं वाचावा.

ह्याला दोन वर्षं झाली. माझे रिपोर्ट बरे येतात. पोटॅशियम परत कधी चढलं नाही. आई आमच्याकडंच असते, स्वयंपाक तीच करते, आणि दुधी, दोडका, कोबी ह्यांचं पाणी माझ्यासमोर मोरीत ओतते.

पण फोडणी टाकताना तिचा हात थांबतो. "एवढी कोथिंबीर टाकू का रं? लसणाची एकच पाकळी हाय, चालंल का?" मीठ तर मोजून ठेवलेलं असतं, तरी डब्याचं झाकण उघडून ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहते. पन्नास वर्षं कुणाला न विचारता जिनं रांधलं, ती बाई. मी रोज सांगतो, "टाक गं आई, चालतंय." ती टाकते, आणि मी पहिला घास गिळेपर्यंत स्वतः जेवायला बसत नाही.